आपला आपणच मुकादम

"आमचे आजोबा-पणजोबा आमच्यापेक्षा कितीतरी जास्त राबत. मग थकतो ते आम्हीच का?"

हा प्रश्न बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतली माणसं विचारतात. घर उभं राहिलेलं असतं, मुलं चांगल्या शाळेत असतात, हातात चार पैसे असतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो आणि तो विचारताना आवाज जरा खाली जातो. "डोक्यावर साहेब नाही, धंदा स्वतःचा, कुणी जबरदस्ती केलेली नाही. तरी सकाळी उठावंसंच वाटत नाही. हा आळस म्हणायचा की आजार?"

हा प्रश्न समजून घ्यायला शिर्डीसारखं गाव शोधून सापडणार नाही. साईबाबांनी १९१८ साली विजयादशमीला देह ठेवला, तेव्हा शिर्डी हे शेतीवर जगणारं एक लहानसं खेडं होतं. आज तिथे १ ऑक्टोबर २०१७ पासून विमान उतरतं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत गाडी सुरू झाली. ज्यांच्या आजोबांनी मोटेचं पाणी धरलं, त्यांची नातवंडं आज लॉज चालवतात, टॅक्सी चालवतात, हार-प्रसादाची दुकानं मांडतात. अनेक जण स्वतःचे मालक आहेत. शेतीला हंगाम असतो आणि हंगामानंतर उसंतही असते. भाविकांच्या गर्दीवर चालणाऱ्या धंद्याला मात्र उसंतीचा महिना सहसा सापडत नाही.

या प्रकरणात आपण एक काल्पनिक माणूस सोबत घेऊ. त्याला गणेश म्हणू. वय चौतीस. नगर-मनमाड रस्त्यालगतच्या वडिलांच्या जमिनीवर बँकेचं कर्ज काढून त्याने अठरा खोल्यांचं लॉज बांधलं आहे. तो सकाळी सहाला काउंटरवर असतो आणि रात्री अकरानंतरही फोनवर असतो. गेले काही महिने त्याला कशातच रस वाटेनासा झाला आहे, आणि वरचा दुसरा प्रश्न तोही विचारतो. त्याचं नेमकं काय बिनसलं आहे, ते एकेक पायरीने पाहू.

१. दमणं वेगळं, विझणं वेगळं

कांदा काढणीच्या दिवसांत पाठ मोडून निघते. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागते, आणि दोन दिवस आराम मिळाला की माणूस पुन्हा उभा राहतो. हे दमणं. त्यावर विश्रांतीचं औषध लागू पडतं.

गणेशचं तसं नाही. तो बायकामुलांना घेऊन दोन दिवस महाबळेश्वरला जाऊन आला. परतीच्या वाटेवर संगमनेर मागे पडलं आणि त्याच्या पोटात गोळा आला. विश्रांती घेऊनही जो थकवा हटत नाही, त्याला मानसशास्त्रात 'बर्नआउट' म्हणतात. आपण त्याला विझणं म्हणू.

१९७४ साली न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी या अवस्थेबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून ते संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे येणारे कार्यकर्ते बहुतेक स्वयंसेवक होते. पगाराचा लोभ नव्हता की साहेबाचा धाक नव्हता. सगळे मनापासून आलेले. तरी काही महिन्यांत ते चिडचिडे होत, रुग्णांना टाळू लागत आणि शेवटी कोरडे पडत. फ्रॉइडेनबर्गर स्वतःही त्यातून गेले होते. गणेशच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. विझायला जबरदस्ती लागत नाही. उलट ज्याने कामात जीव ओतलेला असतो, त्यालाच हा धोका जास्त असतो.

पुढे अमेरिकेतल्याच क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी याची तीन लक्षणं सांगितली.

पहिलं, आतून रितं होणं. सकाळी उठतानाच दिवस संपल्यासारखा वाटतो.

दुसरं, माणसांपासून तुटणं. पूर्वी गणेश गिऱ्हाइकाला "कुठून आलात, प्रवास नीट झाला ना?" असं आपुलकीने विचारायचा. आता त्याला समोर फक्त खोली क्रमांक दिसतो. काही मागितलं की मनात राग येतो.

तिसरं, आपण करतो त्याला काही अर्थ नाही असं वाटणं. लॉज भरलेलं असलं तरी हातून काही घडत नाही ही भावना जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली आणि ती करताना दोन गोष्टी स्पष्ट केल्या. बर्नआउट हा स्वतंत्र आजार नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ साचत गेलेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण त्याच्या मुळाशी असतो. गणेशने घाबरलेल्या आवाजात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे असं देता येतं: हा आळस नाही. हा आजारही नाही, पण असाच दुर्लक्षित राहिला तर आजाराच्या दारात नेऊन सोडू शकतो.

२. मुकादम बाहेर होता तेव्हा

आता आजोबा-पणजोबांकडे वळू. ते जास्त राबत हे खरंच आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की भोंगा आणि मावळला की सुट्टी. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा भरे, आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती.

त्याविरुद्ध उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार. सहा वर्षं हा झगडा चालला. २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

या इतिहासातली एक बाब आपल्या प्रश्नासाठी फार महत्त्वाची आहे. त्या कामगाराला त्याचा जुलूम डोळ्यांनी दिसत होता. भोंगा कानांवर पडत होता, मुकादमाचं नाव ठाऊक होतं, मालकाचा बंगला माहीत होता. म्हणून त्याविरुद्ध सही करता आली. शिवाय गिरणीच्या दारातून बाहेर पडल्यावर मुकादम मागे राहत असे. चाळीत तो येत नसे. शरीर पिळून निघे, पण आपण नालायक आहोत म्हणून थकलो, असं त्या कामगाराला वाटण्याचं कारण नव्हतं.

३. मुकादम आत आला

कोरियात जन्मलेले आणि जर्मनीत लिहिणारे तत्त्वज्ञ ब्युंग-चुल हान यांनी २०१० साली आधुनिक थकव्यावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यातला विचार असा: पूर्वीचा समाज माणसाला "हे करायचं नाही, ते करायचं नाही" असं बजावत होता. आजचा समाज सांगतो, "तुला काहीही जमेल." ऐकायला हे फार मोकळं वाटतं. पण काहीही जमू शकत असेल, तर न जमल्याचा सगळा दोष एकट्या माणसावर येतो. मग तो स्वतःच स्वतःला हाकायला लागतो. मालक आणि मजूर एकाच अंगात राहायला येतात.

म्हणजे मुकादम कुठे गेलेला नाही. तो आत आला आहे. आणि आतल्या मुकादमाला घरी जायची वेळ नसते.

गणेशच्या डोक्यात तो कसा बोलतो ते ऐका. बुकिंगच्या ॲपवर त्याच्या लॉजला ४.२ गुण आहेत, शेजारच्याला ४.५. रात्री साडेबाराला फोन उजळतो. कुणीतरी लिहिलेलं असतं, 'सकाळी सहाला सोलरचं पाणी कोमट होतं.' गणेश अंथरुणात बसून उत्तर टाइप करतो, पुसतो, पुन्हा टाइप करतो. आई दारातून म्हणते, "अरे, उद्या बघ ना. दोन घास खाऊन झोप बाबा." तो म्हणतो, "आई, तुला नाही कळायचं. आता थांबलो तर मागे पडेन." कुणाच्या मागे, हे त्यालाही सांगता येत नाही. अठरा खोल्या भरल्या की तिसऱ्या मजल्याचे विचार सुरू होतात. तिसरा मजला झाला की दुसरं लॉज. टप्पा गाठला की समाधान मिळेल असं त्याला दर वेळी वाटतं, आणि दर वेळी टप्पाच पुढे सरकतो.

बाहेरूनही याला खतपाणी मिळतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं मत मांडलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं विधान गाजलं. ९० तास म्हणजे सातही दिवस रोज जवळजवळ तेरा तास. लोखंड्यांच्या काळातल्या गिरणीच्या दिवसाशी हा आकडा ताडून पाहा.

मुलांचंही हेच चाललं आहे. राहाता, कोपरगाव, संगमनेरची मुलं नीटच्या तयारीसाठी लातूरला जातात, स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसतात. घरच्यांनी "झेपेल तेवढं कर" असं मनापासून सांगितलेलं असतं. तरी मुलगी दुपारच्या अर्ध्या तासाच्या झोपेनंतर अपराध्यासारखी उठते. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या दोन संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४० हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती तपासली. लोक आपल्याकडून निर्दोष कामगिरीचीच अपेक्षा करतात, ही भावना या काळात सुमारे ३३ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. ती मुलं आपली नाहीत, पण हा ताण आपल्याकडच्या अभ्यासिकेतही ओळखू येतो.

४. इच्छा आणि हट्ट

मग महत्त्वाकांक्षाच सोडून द्यायची का? अजिबात नाही. इथे एक बारीक फरक समजून घ्यावा लागेल. तो सांगितला अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने, आणि त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी समाजात रुजवली ती मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. एलिसचं म्हणणं असं, की आपल्याला घटना जेवढा त्रास देतात, त्याहून अधिक त्रास त्या घटनेबद्दल आपण मनात धरलेला हट्ट देतो.

गणेशचं उदाहरण घेऊन हे करून पाहू.

घटना: पाणी कोमट होतं, असा अभिप्राय आला.

हट्टाचं वाक्य: "माझ्या लॉजबद्दल प्रत्येकाने चांगलंच बोललं पाहिजे. नाही बोलले तर मी कुचकामी आहे." याचा परिणाम: झोप उडते, सकाळी रूमबॉयवर आवाज चढतो, दिवसभर फोन तपासला जातो. आणि सोलरची टाकी तशीच राहते.

इच्छेचं वाक्य: "लोकांनी चांगलं म्हणावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. नाही म्हटलं तर वाईट वाटेल, आणि मी दुरुस्ती करीन. पण कोमट पाण्यावरून माणूस म्हणून माझी किंमत ठरत नाही." याचा परिणाम: वाईट वाटतं, झोप लागते, सकाळी प्लंबर येतो.

दुसऱ्या वाक्यात प्रयत्न कमी झालेला नाही, उलट तो योग्य जागी लागला. महत्त्वाकांक्षा दोन्हीकडे आहे. पहिल्या वाक्यात मात्र कामाच्या निकालाला माणसाची किंमत बांधून टाकली आहे, आणि ही गाठ आतल्या मुकादमाच्या हातातला चाबूक होते. गाठ सुटली की काम काम राहतं आणि माणूस माणूस राहतो.

५. शरीर हिशेब ठेवतं

मनाला समजावता येतं, शरीराला फसवता येत नाही. ताण आला की शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन सोडतं, हृदय जोरात धडकतं, रक्तदाब चढतो. संकट टळलं की सगळं पूर्ववत व्हावं अशी ही रचना आहे. संकट टळल्याची खूण शरीराला कधी मिळालीच नाही, तर चढलेलं नीट उतरत नाही. मध्यरात्री उजळणारा फोन ही खूण मिळू देत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांची तुलना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी केली. जास्त तासवाल्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. एकट्या २०१६ मध्ये जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू या दोन मार्गांनी लांब कामाच्या तासांशी जोडले गेले. ५५ तास म्हणजे सहा दिवस रोज नऊ तासांपेक्षा थोडं जास्त. गणेश ही मर्यादा चौथ्या दिवशीच ओलांडतो.

झोपेचा हिशेब तर आणखी रोखठोक आहे. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावलेली असते, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. आता समृद्धीवरचा एक प्रवास मांडू. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. समजा एक माणूस पहाटे पाचला उठला, दिवसभर ऑफिस केलं, संध्याकाळी सहाला निघाला. वाटेत एकदा थांबून तो रात्री बाराच्या सुमारास शिर्डीत पोचेल. म्हणजे शेवटचे शंभर-दोनशे किलोमीटर तो अठराव्या-एकोणिसाव्या जागत्या तासात, सरळसोट रस्त्यावर, ताशी शंभरच्या पुढे चालवतो आहे. "मला काही होत नाही, सवय आहे," हे वाक्य त्याचा आतला मुकादम बोलतो. डोळ्यांच्या पापण्या त्याचं ऐकत नाहीत.

६. शेजारती आणि प्रक्षाळपूजा

थांबायचं कधी? गणेशचं उत्तर ठरलेलं आहे: "काम संपलं की." पण लॉजचं काम संपत नाही, अभ्यास संपत नाही, घरकाम तर कुणाचंच संपलेलं नाही. काम संपण्याची वाट पाहणारा माणूस कधीच थांबत नाही. याचं उत्तर गणेशच्या गावातच रोज रात्री दिलं जातं.

समाधी मंदिराची दर्शनबारी दिवसभर वाहत असते. गर्दीच्या दिवसांत लोक तासन्‌तास उभे असतात, आणि रात्रीही येणाऱ्यांचा ओघ थांबलेला नसतो. तरी दहाच्या सुमारास शेजारती होते. आरतीनंतर बाबांच्या मूर्तीला शाल पांघरतात, मच्छरदाणी लावतात, प्यायला पाण्याचा पेला ठेवतात आणि दरवाजे बंद होतात. येणारे संपले म्हणून दरवाजे बंद होत नाहीत, वेळ झाली म्हणून होतात. राहिलेला भाविक रुसत नाही. पहाटे काकड आरती आहे हे त्याला ठाऊक असतं.

रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमी या उत्सवांच्या मुख्य दिवशी आणि ३१ डिसेंबरला मात्र मंदिर रात्रभर उघडं असतं. म्हणजे जादा जागरणाला परंपरेची मनाई नाही. पण त्या रात्री मोजक्या असतात आणि वर्षाच्या सुरुवातीलाच ठाऊक असतात.

पंढरपूरला तर ही समज आणखी पुढे गेली आहे. आषाढी आणि कार्तिकीच्या यात्रेआधी विठोबाच्या शेजघरातला पलंग विधिपूर्वक काढतात. त्यानंतर देवाची झोप बंद. तो रात्रंदिवस भक्तांसाठी उभा. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून औषधी काढा दाखवतात आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. आपल्या समाजाने देवालाही शिणवटा येतो हे मान्य केलं, त्याच्या विश्रांतीचा दिवस ठरवला आणि त्याचा सोहळा केला. त्याच समाजातला लॉजमालक स्वतःचा शिणवटा लपवत फिरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यातून तीन नियम निघतात. रोजच्या थांबण्याची वेळ घड्याळाने ठरवावी, कामाने नव्हे. जादा राबण्याचे दिवस आधीच मोजून ठेवावेत. आणि जादा राबण्यानंतरची भरपाई त्याच नियोजनात धरावी, ती उरल्या वेळावर सोडू नये.

७. 'पुरे' म्हणजे किती?

थांबायला आणखी एक गोष्ट लागते. पुरेसं म्हणजे किती, हे आकड्यात माहीत असावं लागतं. गणेशचा हिशेब मांडून पाहू. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत.

अठरा खोल्या, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे विकता येतील अशा ५४० रात्री. एका खोलीचे सरासरी १२०० रुपये. कर्जाचा हप्ता, पगार, वीज, धुलाई, घरखर्च आणि थोडी बचत असा महिन्याचा एकूण खर्च ३ लाख ६० हजार. त्याला १२०० ने भागलं की ३०० येतात. म्हणजे रोज सरासरी दहा खोल्या भरल्या की सगळं भागतं.

आजवर गणेश काय करत होता? चौदा खोल्या भरलेल्या असल्या तरी चार रिकाम्या किल्ल्यांकडे बघत बसायचा आणि दिवस फुकट गेला म्हणायचा. दहाचा आकडा कळल्यावर त्याच चौदा खोल्या त्याला चार वरकड दिसायला लागतात. धंद्यात काही बदललं नाही, मोजपट्टी बदलली. विद्यार्थ्याने दिवसाला किती पानं, गृहिणीने आज कोणती तीन कामं, कार्यकर्त्याने महिन्याला किती कार्यक्रम, हे सकाळीच कागदावर लिहिलं तर संध्याकाळी आतल्या मुकादमाला दाखवायला पावती हातात असते.

थांबल्यावर काय करायचं हेही सांगायला हवं. फोनवर बोटं फिरवत पडून राहिल्याने मन कामापासून सुटत नाही. कामाच्या वेळेबाहेर मन कामापासून खरोखर अलग होतं तेव्हाच शीण उतरतो, असं या विषयाचे अभ्यासक सांगतात. त्यासाठी गुण, लाइक, पैसे यांतलं काहीच मिळत नाही असं काहीतरी हवं. भजनाला बसावं, शेताच्या बांधावरून फिरून यावं, मित्राकडे उगाच जाऊन बसावं. "रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत" असं म्हणून फिरायला निघालात, तर मुकादमही सोबत निघाला असं समजा.

आणि एक सूचना गांभीर्याने. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, कामाबाहेरच्या आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे सुट्टी आणि स्वतःची समजूत पुरत नाही, डॉक्टर लागतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं. थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह यांनीही असाच थकवा येतो, म्हणून एकदा रक्त तपासून घ्यावं.

८. हे एकट्याने होत नाही

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे थकवा हा सगळा मनाचा खेळ. तसं मुळीच नाही. शिर्डीपासून जवळच प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यातून महाराष्ट्राचा सहकारी साखर उद्योग उभा राहिला. तो ऊस तोडायला पाथर्डीहून, बीडहून मजूर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल आधीच घेतलेली असते. पहाटे अंधारात फडात उतरावं लागतं. एक दिवस आजारी पडलं तर खाडा कापला जातो. त्यांचा मुकादम आजही बाहेर उभा आहे, आणि तो खराखुरा मुकादम आहे. त्या बाईला 'स्वतःवर दबाव टाकू नकोस' असा सल्ला देणं म्हणजे तिचा अपमान करणं आहे. तिला दर हवा, सुट्टी हवी, दवाखाना हवा, कायद्याचं संरक्षण हवं.

पांढरपेशांच्या बाबतीतही नुसत्या मनाच्या मशागतीने भागत नाही. मॅस्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विझण्याची जी कारणं मांडली, त्यांत कामाचा बोजा, कामावर आपला ताबा नसणं, कदर न होणं, सोबत्यांशी तुटलेपण, अन्याय आणि मूल्यांची ओढाताण अशी सहा कारणं आहेत. ही सगळी कामाच्या जागेची कारणं आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेनंतर ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्कावर मोठ्या कंपन्यांनी कामगारांशी वाटाघाटी कराव्यात असा कायदा आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस याच हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. त्याचा अजून कायदा झालेला नाही. तो व्हायला हवा.

लोखंड्यांचा रविवार एकट्याने मिळाला नाही. एका कामगाराने रविवारी घरी बसायचं ठरवलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. हजारोंनी एकत्र मागितला म्हणून तो सगळ्यांचा झाला, आणि त्या दिवशी बसलेल्याला आज कुणी आळशी म्हणत नाही. आतल्या मुकादमाची ताकदही एकटेपणात आहे. शेजारी जागा आहे, मी झोपलो तर मागे पडेन, एवढ्यावरच तो जगतो. म्हणून एका गल्लीतल्या दहा लॉजवाल्यांनी रात्री दहानंतर अभिप्रायांना उत्तर द्यायचं नाही असं मिळून ठरवलं, तर दहाही जण झोपतील आणि गिऱ्हाईक एकाचंही तुटणार नाही. अभ्यासिकेतल्या मुलांना एकत्र उठायची वेळ ठरवता येईल. घरात जेवणाच्या ताटाजवळ फोन न आणण्याचं ठरवता येईल.

गणेशने सुरुवात करायची असेल तर ती काउंटरवरून करावी. त्याच्याकडे दोन रूमबॉय आहेत, एक रखवालदार आहे, धुणंभांडं करणाऱ्या मावशी आहेत. मालक मध्यरात्रीपर्यंत काउंटरवर बसला की तेही डोळे ताणून उभे राहतात, कारण मालकाच्या आधी झोपायला कुणी धजावत नाही. तो वेळेवर उठला आणि "चला, झालं आजचं, तुम्हीही निघा," असं मोठ्याने म्हणाला, तर त्या एका वाक्याने चार माणसांचा मुकादम कमी होईल. ज्याच्या हाताखाली एक जरी माणूस आहे, त्याने आज रात्रीच हे वाक्य म्हणून पाहावं.